भुयारावरची खानावळ

खानावळ माझी आहे, पण ती नेमकी कुठे आहे ते मला सांगता येणार नाही. एका डोंगराच्या पायथ्याशी, एवढं माहीत आहे. डोंगराचं नाव लांबलचक आहे आणि मला ते नीट उच्चारता येत नाही. खानावळीच्या जमिनीखाली भुयार आहे. भुयारात राक्षस आहेत, बुडालेली देवळं आहेत, सोनं आहे असंही म्हणतात. खाली उतरायचा रस्ता एकच, माझ्या गल्ल्यामागची लाकडी झडप. ज्याला उतरायचंय त्याने आधी माझ्याकडे जेवायचं, सामान घ्यायचं आणि मग झडप उघडून मागायची.

प्रत्यक्षात मी सोलापुरात भवानी पेठेत राहतो, एका टॉवेल कारखान्याचं स्टोअर सांभाळतो आणि रविवारी दुपारी चहा झाला की लॅपटॉपसमोर बसतो. खानावळ खेळातली आहे. खेळ माझ्या लेकीचा.

खेळ समजावून सांगायला सोपा आहे. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. सगळा बोलण्याचा मामला. एक जण सूत्रधार असतो. तो गोष्ट सांगतो, समोर काय दिसतंय ते सांगतो, आणि वाटेत भेटणाऱ्या सगळ्या परक्या माणसांच्या तोंडचं तोच बोलतो. बाकीच्यांनी एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते सांगायचं. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. फाशाला वीस बाजू. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर फसलं. आमचा खेळ व्हिडिओ कॉलवर चालतो आणि सूत्रधार माझी लेक. ती पुण्यात नोकरी करते. तिच्याबरोबर तिच्या खोलीत राहणारी एक मुलगी आहे, ती खेळात जादूगारीण. आणि तिच्या ऑफिसात नव्याने आलेला एक मुलगा, मूळचा वैरागचा. तो कुऱ्हाडवाला. मी खानावळवाला. मला खाली उतरावं लागत नाही. मी वरच असतो.

मी या खेळात कसा आलो ते सांगायला हवं, कारण मी खेळणाऱ्यातला माणूस नव्हे. पत्तेसुद्धा मला नीट येत नाहीत.

माझी बायको गेली तेव्हा घरातलं बोलणारं माणूस गेलं. मी आणि लेक, आम्ही दोघं तिच्यामार्फत बोलायचो. लेकीला सहलीला जायचंय हे मला बायकोकडून कळायचं, आणि माझा नकार लेकीपर्यंत होकार होऊन पोहोचायचा, तोही तिच्याचकडून. ती गेल्यावर आमच्यात तार उरली नाही. भांडण नव्हतं. लेक दर रविवारी न चुकता फोन करायची. जेवलात का? जेवलो. तू? हो. पाणी आलं होतं का? आलं होतं. मग मला तिच्या खोलीतला पंखा ऐकू यायचा आणि तिला माझा.

मला कुठल्याही कामाची यादी केल्याशिवाय चैन पडत नाही. त्यामुळे फोनचीही यादी केली. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला विषय लिहून ठेवायचो. मिक्सर दुरुस्त झाला. शेजारच्यांनी गच्चीवर पत्रा घातला. ऊन फार आहे. एक विषय झाला की त्यावर काट मारायची. शेवटची काट मारली की, "बरं मग, ठेवू?" आईबद्दल ती काही विचारत नसे आणि मीही काही काढत नसे. तिच्याबद्दलचं काहीच यादीत नव्हतं. लेक दिवाळीला आली, दोन दिवस राहिली, कपाटातून स्वतःची कागदपत्रं घेतली आणि गेली. स्वयंपाकघरात ती पाणी प्यायला तेवढी जायची. पुढच्या दिवाळीला सुट्टी मिळाली नाही म्हणाली.

फोन आखडत आखडत इतका छोटा झाला की एका रविवारी मी तिला म्हणालो, "तुला वेळ नसेल तर नुसता मेसेज टाकलास तरी चालेल."

ती म्हणाली, "बाबा, आमच्या खेळात एक माणूस कमी पडतोय. तुम्ही या."

"मला काय येतंय त्यातलं?"

"काही यायला नको. खानावळ चालवायची. लोक येतील, त्यांना जेवायला घालायचं, झडप उघडायची, लावायची."

"बास?"

"बास."

मी म्हटलं, चला, यादीपेक्षा बरं.

पहिल्या दिवशी मी विचारलेल्या प्रश्नांनी जादूगारीण हैराण झाली. बैठक किती माणसांची? पाणी साठवायला काय आहे? भुयारातून ओल येत असेल तर धान्य कुठे ठेवायचं? लेकीने एकेक उत्तर दिलं आणि मी लिहून घेतलं. स्टोअरचा माणूस जागा ताब्यात घेताना हेच करतो.

जादूगारीण म्हणाली, "काका, मी खूप दमून आलेय. एक मोठा प्याला दारू द्या."

"दारू नाही."

"म्हणजे? अहो, ही टॅव्हर्न आहे!"

"खानावळ आहे. ताक आहे, घ्या."

कुऱ्हाडवाला हसायला लागला. "काका, राक्षसाम्होरं ताक पिऊन उभं ऱ्हायचं व्हय?"

"ताक पिऊन निदान उभं तरी राहशील की."

ते खाली उतरायचे तेव्हा मी सामान द्यायचो. दोर, कंदील, पाण्याची पखाल, चुना. चुन्याने वळणावर खूण करायची, म्हणजे परत येताना चुकायला होत नाही. हे मी सुचवलं. वर आले की मी सामान मोजून परत घ्यायचो. एकदा ते तिघा राक्षसांना मारून, भाजून-पोळून कसेबसे वर आले, आणि मी पहिलं वाक्य बोललो ते म्हणजे, "एक कंदील कमी आहे."

"काका, आम्ही मरता मरता वाचलोय!" जादूगारीण ओरडली.

"ते दिसतंय. कंदील कुठाय?"

लेक हसली. बऱ्याच महिन्यांनी मी तिचं हसणं ऐकलं. मी कंदिलाचा विषय मग दर वेळी काढू लागलो.

पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे. ते दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी झालं. कुऱ्हाडवाला खानावळीत शिरला, कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "काका, लई भूक लागलीया. आज काय हाय जेवायला?"

मी म्हणालो, "थांब, आत विचारून सांगतो."

माझ्या तोंडून ते निघून गेलं. विचार करून बोललो नव्हतो. आमच्याकडे बायकोचं नाव घ्यायची पद्धत नाही. माझे वडील आईला हाकच मारत नसत, खाकरायचे. मी त्यांच्या पुढे एवढाच गेलो की 'अगं' म्हणायला लागलो. पण चारचौघांत तिचा उल्लेख करायचा तर 'आत'. लग्नाचं आमंत्रण आलं, आत विचारून सांगतो. कुणी वर्गणी मागितली, आत विचारतो. आत ठरलं की, आतून निरोप आलाय. कारखान्यात माझी त्यावरून थट्टा व्हायची. ती स्वतः दुधनीची होती. माहेरी कन्नड, शाळेत मराठी, आणि बोलताना दोन्हीची भेळ. मी दारात कुणाला "आत विचारून सांगतो" म्हणालो की आतून खणखणीत आवाज यायचा, "आत कोण बसलंय, देव? भायेरच सांगा की काय ते!"

तर मी ते बोलून गेलो, आणि जादूगारीण लगेच म्हणाली, "अय्या, म्हणजे आत काकू आहेत?"

सूत्रधार लेक. खानावळीच्या आत कोण आहे आणि कोण नाही हे ठरवायचा हक्क तिचा. मी तिची वाट पाहिली. पडद्यावरच्या तिच्या चौकोनात तिचा चेहरा होता, पण ती खाली कुठेतरी बघत होती. नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "भाकऱ्या करतेय."

"कसल्या?"

"ज्वारीच्या. कडक."

"आन कोरड्यास?"

"विचारतो," मी म्हणालो आणि माइक बंद केला.

माइक बंद केल्यावर करायला काहीच नव्हतं. बाहेरच्या खोलीत मी बसलेला, समोर स्वयंपाकघराचं दार. दारातून ओट्याचा कोपरा दिसतो, आणि उभं ठेवलेलं पोळपाट. मी तेवढा वेळ तिकडे पाहत बसलो. मग माइक चालू केला. "वांगं आहे. आणि शेंगाचटणी."

कुऱ्हाडवाला म्हणाला, "काकूंना सांगा, चटनी जरा जास्त वाढा म्हनाव."

तेव्हापासून काकू खानावळीत राहू लागल्या. या दोघांना काही माहीत नव्हतं. लेकीने नोकरी बदलली तेव्हा खोलीही बदलली होती. नव्या जागी तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायचं तर कुठून सुरुवात करायची? पोरांचा दोष नाही. त्यांना ताकवाल्या काकांपेक्षा आतल्या काकू आवडू लागल्या. काकू, आज लाडू हायत का? काकू, माझा झगा फाटलाय, शिवून देता का? काकू, काकांना सांगा की कंदिलाचं विसरा आता. प्रत्येक वेळी मी माइक बंद करायचो, दाराकडे बघायचो आणि उत्तर घेऊन परत यायचो. उत्तर शोधायला कष्ट पडत नसत. कशावर ती काय बोलेल हे मला पाठ होतं. झगा शिवून मिळेल, पण दोरा तू आण. लाडू आहेत, एकेकच मिळेल. एकदा तर मी माइक बंद करून मोठ्याने म्हणालो, "काय सांगू त्याला?" आणि शेजारच्या घरातून तेलुगूतलं त्यांचं भांडण तेवढं ऐकू आलं.

त्या काळात रविवार सोडून बाकीचे दिवस जास्त लांब झाले. कारखान्यातून यायचं, खिचडी लावायची, एक ताट, एक वाटी, एक पेला धुवायचा. भांडी वाळेपर्यंत मी ओट्याशी उभा राहायचो. कुणी येणार असल्यासारखा. खेळातली खानावळ कधी रिकामी नसे. इथे पाहुणासुद्धा फिरकत नव्हता. बायको असताना आमच्याकडे माणसं यायची ती तिच्यासाठी यायची, हे मला उशिरा समजलं. यादी केली असती तर आधी समजलं असतं.

लेक या सगळ्यात एकदाही काकूंविषयी बोलली नाही. खेळात दुकानदार, पहारेकरी, चेटकीण, राक्षसाची आई, सगळ्यांचे आवाज ती काढायची. फार छान काढायची. पण काकूंना कुणी काही विचारलं की ती थांबून राहायची, मी आत जाऊन येईपर्यंत. तिने मला थांबवलंही नाही. मला वाटायचं, तिलाही हे हवंय. कधी वाटायचं, तिला आवडत नाहीये आणि ती सांगत नाहीये. तिच्या आईला विचारलं असतं तर तिने एका वाक्यात सांगितलं असतं.

मग पोरं भुयाराच्या फार खोल गेली. तिथे बुडालेल्या देवळात एक खोली सापडली. लेकीने आत काय काय आहे ते सांगितलं. मुकुट, तलवारी, रत्नांची पेटी, आणि कोपऱ्यात दगडी उखळ. प्रत्येकाला एकच वस्तू उचलता येईल. जादूगारणीने पेटी घेतली. कुऱ्हाडवाला म्हणाला, "मी उखळ घेतो."

"वेडा आहेस का?" जादूगारीण म्हणाली. "मुकुट घे!"

"मुकुट घालून कुटं जाऊ? पुण्याच्या ट्रॅफिकमदी? काकूंना चटनी कुटायला हुईल की."

पाठीवर उखळ घेऊन तो वर चढला. त्यासाठी त्याला दोन वेळा फासा टाकावा लागला आणि वाटेत एक राक्षस मागे लागला, पण त्याने उखळ सोडलं नाही. झडपेतून वर आला आणि म्हणाला, "काका, हे मी आत नेऊन देतो. माझ्या हातानं."

"दे इकडे. मी देतो."

"न्हाई काका. मीच. इतक्या लांबनं आनलंय. काकू बघून खूश हुतील."

"आत जायचं नाही," मी म्हणालो. आवाज चढला असावा. "गिऱ्हाईक आत जात नाही. पायात पायताण आहे तुझ्या."

"काढतो की पायतान."

"नाही म्हटलं ना."

जादूगारणीला वाटलं, मी खेळ रंगवतोय. ती टाळ्या वाजवत म्हणाली, "फासा! फासा टाका! काका अडवतायत, हा शिरतोय. ज्याचा आकडा मोठा तो जिंकला."

नियम तोच होता. मी लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "टाका, बाबा." मी टाकला. चार आले. कुऱ्हाडवाल्याला सतरा.

आता सूत्रधाराने सांगायचं होतं की तो आत गेल्यावर त्याला काय दिसलं. लेक बोलायला लागली, सावकाश, जणू समोर बघून सांगतेय अशी.

"आत उकाडा आहे. खिडकी पूर्वेला आहे, पण ती बंद आहे, कारण उघडली की मांजर येतं. खुंटीला सांडशी आहे. तव्यावर भाकरी आहे, आणि दुसरी थापून परातीत ठेवलीय. एक बाई पाठमोरी बसलीय. पदर कमरेला खोचलाय. तू आलास ते तिला कळलंय. ती वळून बघत नाही. ती म्हणते..."

इथे ती थांबली. मला तिचा श्वास ऐकू आला. मग तिने म्हटलं, आणि आवाज तिचा नव्हता.

"ठेव तितं. हळू ठेव की, फरशी फुटंल! ऊटा आतेनु?"

घरात मी एकटा होतो आणि ते वाक्य घरात झालं. मी दाराकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही.

कुऱ्हाडवाला म्हणाला, "काय म्हनल्या?"

"जेवलास का, विचारतेय," मी म्हणालो.

"न्हाई अजून, काकू."

लेकीचा चौकोन काळा झाला. मग तिचा मेसेज आला, सगळ्यांना, 'आज इथेच थांबू.' जादूगारीण बाहेर बसून खेळत असावी, कारण ती म्हणाली, "हिने दार आतून लावलंय. काय झालं?" मी म्हणालो, काही नाही, नेट गेलं असेल, आणि लॅपटॉप मिटला.

आठवडाभर लेकीचा मेसेज नाही. मी दोनदा फोन हातात घेतला. फोनवर काय बोलायचं ते लिहायला बसलो आणि कॅलेंडरची मागची बाजू कोरीच राहिली. बुधवारी पाणी आलं, ते भरलं. कारखान्यात वर्षाची मोजणी चालू होती, ती केली. मला एकच गोष्ट समजत होती. हे असंच सोडलं तर खेळ बंद पडेल, आणि खेळ बंद पडला तर लेक मला 'फोन ठेवू का?' असं विचारण्यापुरती उरेल. मग तेही नाही. खेळात काकूंना मी आत बसवलं होतं. लेकीला मी त्या दाराशी उभं केलं होतं. आत जाऊन येण्याचं काम मी करत होतो तोवर ठीक होतं. बोलायची वेळ आली ती तिच्यावर.

रविवारी मला वाटलं, कुणी येणार नाही. आले. लेकही आली, पण चौकोन काळाच ठेवून. पोरांनी ठरवलं असावं की काही झालंच नाही असं वागायचं. कुऱ्हाडवाला नेहमीसारखा शिरला.

"काकू, उखळ कसं हाय?"

मी माइक बंद केला नाही.

"काकू नाहीत," मी म्हणालो. "आत कुणी नाही."

"बाजाराला गेल्या व्हय?"

"नाही. वारल्या."

जादूगारीण म्हणाली, "काय! कुणी मारलं? काका, तो खालचा राक्षस वर आला होता का?"

"खेळात नाही, बाई. खरोखरच. हिची आई. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात. आजारी होती. मी तुम्हाला आत विचारतो म्हणायचो, ती सवय होती."

मी हे वाक्य तोवर कुणाला बोललो नव्हतो. कारखान्यात, गल्लीत सगळ्यांना माहीतच होतं, सांगायची वेळच आली नाही. ज्यांना मी कधी भेटलो नाही त्या दोन पोरांना पहिल्यांदा सांगितलं, आणि लेक ऐकत होती.

कुऱ्हाडवाला म्हणाला, "काका, माफ करा. मी आपलं येड्यावानी उखळ घिऊन..."

"उखळ चांगलं होतं."

"मग ते तुमी सांगायचा ते? वांगं, लाडू, चटनी? ते बी खोटंच?"

"ते खरं. अगदी तसंच करायची."

"चटनी कशी करायच्या?"

मला वाटतं त्याला काहीतरी बोलायचं होतं म्हणून त्याने विचारलं. मला ते सोपं गेलं. कृती सांगायची म्हणजे क्रमाने सांगायचं, ते मला येतं. मी सांगायला लागलो. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे. सालं काढायची, पण सगळी नाही. तिखट, मीठ, जिरं. उखळात कुटायचं, तेल सुटेपर्यंत. आणि सोललेला लसूण.

"सालासकट."

लेकीचा आवाज. चौकोन काळाच होता.

"सोललेला," मी म्हणालो.

"बाबा, सालासकट. सालीनेच तो वास येतो."

"अगं, मी सोलून द्यायचो! दर रविवारी गड्डाभर लसूण माझ्यापुढे असायचा. नखं दुखायची."

"तो भाजीला जायचा. चटणीचा वेगळा होता. फडताळात, कागदात."

"मग मी इतकी वर्षं काय चटणीला सोलत नव्हतो?"

"नव्हता! तुम्ही पेपर वाचत बसायचात आणि मध्ये मध्ये आत येऊन विचारायचात, झालं का, झालं का. तुम्हाला कामाला लावलं होतं तिने."

"असं ती म्हणाली?"

"मला म्हणाली. हसायची. म्हणायची, बसव तुझ्या बापाला सोलायला, तवर घर गप ऱ्हातंय."

चौकोन उजळला. लेकीचे डोळे सुजले होते आणि ती चिडली होती. "आणि जिरं नव्हतं," ती म्हणाली.

"जिरं होतं!"

"सणाला असायचं. रोजच्यात नाही."

"तुला काय माहीत, तू खायचीस कुठे, तुला जाम लागायचा पोळीला."

"शाळेत डबा कोण न्यायचं? तुम्ही?"

भांडण वाढलं. लसणावरून तिखटावर गेलं, तिखटावरून तिच्या आईच्या माहेरावर, तिथून लेकीच्या कॉलेजच्या फीवर, आणि तिथून आजारपणावर. दवाखान्यात मी लेकीला उशिरा बोलावलं असं ती म्हणाली. तिच्या आईनेच बोलावू नको म्हणून सांगितलं होतं, परीक्षा होती, असं मी म्हणालो. "मला विचारायचंत ना!" ती म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही." ती रडली, नाक पुसलं, आणि म्हणाली, "लसूण सालासकटच." मधे कधीतरी जादूगारणीचा चौकोन नाहीसा झाला. मग कुऱ्हाडवाल्याचा. दोघांनी निरोपही घेतला नाही. पडद्यावर आम्ही दोघंच राहिलो, मोठे होऊन.

बोलून झाल्यावर घर नेहमीपेक्षा जास्त शांत वाटलं. इतका वेळ भरलेलं घर एकदम रिकामं झालं की होतं तसं. बाहेर अंधार पडत होता. मी दिवा लावला नाही, बसून राहिलो.

सोमवारी कामावरून येताना शेंगदाणे आणले. दोन वाट्या करून ठेवल्या. एकीत सोललेला लसूण, दुसरीत सालासकट. खलबत्त्यात कुटलं, घाम निघाला. दोन्ही भाकरीबरोबर खाऊन पाहिल्या. सालासकटची जवळ होती. पण ती नव्हती. काहीतरी कमी पडत होतं आणि ते काय हे विचारायला घरात कुणी नव्हतं. दोन वाट्यांसमोर मी बराच वेळ बसलो. लेक सोमवारी उशिरापर्यंत कामात असते. हा फोनचा वार नव्हता आणि मी कॅलेंडर उलटूनही पाहिलं नाही. लावला.

"काय झालं, बाबा? बरंय ना?"

"बरंय. चटणी केली. दोन्ही चुकल्या."

"सालासकटची पण?"

"ती कमी चुकली."

ती पलीकडे उठून कुठेतरी जाऊन उभी राहिली असावी. लोकांचा आवाज कमी झाला. "शेंगदाणे कशात भाजलेत?"

"कढईत."

"ती तव्यावर भाजायची. भाकऱ्या झाल्यावर, त्याच गरम तव्यावर, गॅस बंद करून."

"हे मला कसं माहीत नाही?"

"तेव्हा तुम्ही जेवायला बसलेले असायचात."

मी तवा काढून बघितला. घासून चकचकीत ठेवलेला होता. भाकऱ्या मी करत नाही. विकत आणतो. त्यामुळे भाकऱ्यांनंतरचा तवा आमच्या घरात आता तापतच नाही. ते मी तिला सांगितलं.

"मग भाकरी शिका," ती म्हणाली.

"या वयात?"

"थांबा, फोन ठेवू नका. परात आहे का जवळ? पीठ आहे? पाणी आधी कडकडीत गरम करा. नाही, नाही, आधी पीठ काढू नका, बाबा, आधी पाणी."